जीपचा उन्हाळा

मे अर्धा सरला की आमच्या सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये एक वास येऊ लागतो. गोडसर, जरा उग्र, पातेल्यात गूळ लागावा तसा. कुणाच्या तरी गाडीच्या रेडिएटरमधून कूलंट झिरपत असतं आणि गरम लोखंडावर पडून सुकत असतं. यंदाही तो वास आला आणि भाजीच्या पिशव्या हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले. लिफ्टचं दार उघडलं, मिटलं. वरच्या मजल्यावरची मुलगी बाहेर आली आणि म्हणाली, "आंटी, कुछ ढूँढ रही हैं?"

"नहीं बेटा," मी म्हटलं, "गर्मी आ गई."

ती हसली. गर्मी येऊन महिना झाला होता. पण नोएडाच्या या बाराव्या मजल्यावर ती दाराबाहेरच थांबते. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, एसी चालू. विनय, म्हणजे माझा नवरा, निवृत्त झाल्यापासून दुपारी पांघरूण घेऊन झोपतो. जूनमध्ये पांघरूण. मी हे सांगितलं असतं तर अण्णांचा विश्वास बसला नसता.

अण्णा म्हणजे माझे सासरे. माझ्या आठवणीतला उन्हाळा त्यांचा आहे. त्यांचा, आणि त्यांच्या जीपचा.

लग्न होऊन मी साताऱ्याहून दिल्लीला आले ती फाल्गुनात. सरोजिनी नगरात विनयला मिळालेलं सरकारी क्वार्टर होतं. दोन खोल्या, मागे बोळाएवढं अंगण, पुढे कडुनिंबाचं झाड. त्या झाडाखाली फिकट हिरव्या रंगाची, कापडी टपाची जीप उभी असायची. सासूबाई जाऊन काही वर्षं झाली होती. अण्णांची सगळी नोकरी जमिनीची मोजणी करण्यात गेली होती, आणि तंबू, दुर्बिणी, माणसं घेऊन ते ज्या जातीच्या गाडीतून डोंगर पालथे घालत, तसलीच एक जुनी गाडी त्यांनी निवृत्तीनंतर लिलावात घेतली होती. घरात आम्ही तिघं होतो, पण जेवायला बसल्यावर बोलणं चौथीचंच व्हायचं. तिचा पट्टा सैल झाला. तिचा पंप कुरकुरतोय. तिला आज बरं वाटतंय.

चैत्र संपला आणि दिल्लीने मला आपलं खरं रूप दाखवलं. साताऱ्याचा उन्हाळा मला ठाऊक होता. तो घाम आणतो आणि संध्याकाळी माघार घेतो. इथे घामच येईना. लू, म्हणजे तिथला तो कोरडा झळांचा वारा, सुटली की डोळ्यांतलं पाणी आटायचं, दाराच्या कड्या हात लावू देत नसत, नळाचं पाणी दुपारी चहाला लावण्याजोगं यायचं. खिडकीत लावलेल्या कूलरचे वाळ्याचे पडदे भिजवत राहणं हे माझं काम. पण याच उन्हात रस्त्याच्या कडेची झाडं पिवळ्या झुंबरांनी लगडली होती. मी विनयला म्हटलं, "बहावा किती फुललाय बघ."

"बहावा? अच्छा, अमलतास," तो म्हणाला. त्याचं सगळं मराठी घरातलं होतं, आणि घराच्या आत बहावा उगवत नाही.

अण्णांना मात्र तो शब्द ऐकून फार बरं वाटलं होतं. पुण्याहून टपालाने येणारं एक साप्ताहिक ते मला रोज दुपारी वाचून दाखवायला सांगत. म्हणत, "तुझं मराठी ताजं आहे अजून. आमचं इथे राहून बिल्कुल खिचडी झालंय." मीही हौसेने वाचायची. ते डोळे मिटून ऐकायचे. मला वाटायचं, माझ्या बोलण्याचं कौतुक आहे.

जीप तापायची. थोडीथोडकी नाही, उकळायची. रिंग रोडवर सिग्नलला गाडी थांबली की पुढून वाफेचा फवारा उठायचा आणि मागचे स्कूटरवाले हॉर्न वाजवायचे. मे महिन्याच्या सुरुवातीला पुलाच्या चढावर ती अशीच उकळली आणि अण्णांनी घाईने रेडिएटरचं झाकण फिरवलं. आतल्या वाफेने त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. विनयने त्यांना दवाखान्यात नेलं, घरी आणलं, हाताला मलम लावलं, आणि मग इतका वेळ गिळून ठेवलेला राग काढला.

"अण्णा, बस झालं. ही विकायची. हात गेला असता तुमचा."

"गाडीचा काय दोष? झाकण मी उघडलं."

"दर वेळी उकळते ती. कधीतरी भर रस्त्यात पेटेल. मला ऑफिसात बसून हीच धास्ती असते, यार." रागात तो वडिलांनाही यार म्हणायचा.

विनयला तेव्हा ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी उन्हाळाभर हैदराबादला जायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी अण्णांनी त्याच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला. जूनच्या उन्हात जीप पानिपतला जाऊन परत आली आणि वाटेत एकदाही उकळली नाही, तर ती राहणार. उकळली, तर तो म्हणेल त्याला देऊन टाकायची.

विनयने माझ्याकडे पाहिलं. "तू साक्षीदार. अण्णा तुझ्यापुढे खोटं बोलणार नाहीत."

मी हो म्हटलं. नव्या घरात आपल्याला काही काम मिळालं याचाच मला आनंद झाला होता.

हात बरा झाल्यावर एका सकाळी अण्णा मला घेऊन फेरी मारायला निघाले. "आधी दुखणं ओळखायचं," ते म्हणाले. "गाडी पळताना तापते की थांबल्यावर? पळताना तापली तर पाणी नीट फिरत नाहीये. थांबल्यावर तापली तर वारा पोचत नाहीये." त्यांच्या समोरच्या पत्र्यावर एक गोल तबकडी होती. काटा डावीकडे असला की इंजिन थंड, मधे असला की ठीक, उजवीकडच्या लाल पट्टीत गेला की धोका. धौला कुआँपाशी गर्दीत आम्ही अडकलो. बस, टेंपो, कुणी हलेना. मी तबकडीकडे पाहत होते. काटा मधून उजवीकडे सरकला, मग लाल पट्टीला टेकला, मग तिच्या आत गेला.

"अण्णा, काटा बघा."

त्यांनी मान खाली करून तबकडीकडे नीट पाहिलं. निवांतपणे म्हणाले, "अर्ध्यावर आहे. ठीक आहे."

मला वाटलं, माझंच काही चुकतंय. मी पुन्हा पाहिलं. काटा लाल पट्टीच्या पार टोकाला होता. मी काही बोलायच्या आत बॉनेटच्या फटींतून वाफ आली.

आम्ही गाडी ढकलत कडेला घेतली. या वेळी झाकणाला त्यांनी हात लावला नाही. इंजिन निवेपर्यंत एका भिंतीच्या सावलीत बसून राहिलो. अण्णा जीपकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. दुपारचं वाचन, चहात दोनदा पडलेली साखर, दारात उभ्या असलेल्या मला "कोण आहे?" म्हणून विचारणं, हे सगळं माझ्या डोक्यात एकेक करून जागेवर बसत गेलं. अण्णांना दिसत नव्हतं. रस्ता, झाडं, समोरची बस दिसत असावी, पण ज्या ठिकाणी नजर रोखावी तेच ठिकाण पुसलं जात होतं. पुढे डॉक्टरांनीही तेच सांगितलं, की डोळ्याचा पडदा मधोमध झिजतोय आणि तो परत येत नाही. पण त्या दिवशी हे ठाऊक नव्हतं. इतकंच कळलं, की या माणसाच्या शेजारी बसून मी गेले दोन महिने दिल्लीच्या रस्त्यांवर हिंडत होते.

त्यांना विचारण्याचं धैर्य मला झालं नाही. विनयला फोन करावा तर जीप त्याच दिवशी जाणार, आणि जीपबरोबर अण्णांचं सगळंच. आयुष्यभर दुर्बिणीला डोळा लावून मैलोगणती जमीन मोजलेला माणूस. मी दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी चहा देताना म्हटलं, "अण्णा, मला गाडी शिकवाल?"

ते कितीतरी वेळ बशीत फुंकर घालत राहिले. मग म्हणाले, "शिकाऊ लायसन काढावं लागेल."

तो सगळा महिना माझ्या आठवणीत ग्रीस आणि कैरीच्या पन्ह्याच्या वासाचा आहे. पहाटे, ऊन चढायच्या आत, क्वार्टरांमागच्या मोकळ्या रस्त्यांवर मी क्लच आणि गिअरशी झटापट करायची. वरच्या मजल्यावरच्या चड्ढाआंटी गॅलरीत उभ्या राहून बघायच्या आणि भाजीवाल्याला सांगायच्या, "बहू जीप चला रही है, देख ले." त्यात कौतुक किती आणि तक्रार किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आणि दिवस चढला की आम्ही दोघं कडुनिंबाखाली बॉनेट उघडून बसायचो.

अण्णा हातांनी बघायचे. पाइप दाबून सांगायचे, हा आतून सुजलाय, बदलायचा. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून बघायचा, फार खाली गेला तर सैल. मग त्यांनी मला रेडिएटरच्या जाळीसमोर बसवलं. "काय दिसतं सांग."

"भुसा," मी म्हटलं. जाळीच्या बारीक पट्ट्यांमध्ये गव्हाचा भुसा, मेलेले किडे, चिकटलेली धूळ यांचा थर बसला होता. हरियाणाच्या रस्त्यांवर कापणीच्या दिवसांत हिंडून जमवलेला.

"म्हणून वारा पोचत नाही." आम्ही आतल्या बाजूने पाण्याची नळी धरली आणि तो थर बाहेर ढकलला. पुढून पाणी मारलं तर भुसा आणखी आत जातो, हे तेव्हा शिकले. रेडिएटरच्या आत क्षार साचले होते. वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी ओतल्याचा परिणाम. कश्मीरी गेटजवळच्या एका दुकानात तो उघडून साफ करून घेतला. त्याच फेरीत पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं करून घेतलं. मूळचं कडं कुणीतरी कधीच काढून टाकलं होतं आणि त्यावाचून पंखा जाळीतून वारा ओढण्याऐवजी आजूबाजूचाच गरम वारा घुसळत बसला होता. शेवटी बाटलीतल्या शुद्ध पाण्यात मिसळून हिरवं कूलंट भरलं. तो गोड वास माझ्या बोटांना कितीतरी दिवस येत होता.

या सगळ्यात आमच्यात एक गोष्ट न ठरवता ठरली. गाडी चालू असली की मी काटा बोलून दाखवायची. "आता थंड आहे. आता अर्ध्याच्या अलीकडे. आता अर्ध्यावर." ते नुसती मान हलवायचे. एकदाही म्हणाले नाहीत की मला दिसतंय, तू कशाला सांगतेस.

पानिपतला निघायचा दिवस उजाडला. आभाळ फटफटीत होतं, वारा पडलेला. मी पाण्याचे कॅन मागे ठेवले, पोळ्यांचा डबा ठेवला, आणि जीपच्या उजव्या दारापाशी जाऊन उभी राहिले. रात्रभर मनाशी ठरवलं होतं, की अण्णा चालवायला बसले तर मी जाणार नाही आणि त्यांनाही जाऊ देणार नाही. कसं, ते ठाऊक नव्हतं. सासऱ्यांना अडवलेली सून मी साताऱ्यात कधी पाहिली नव्हती.

अण्णा किल्ली घेऊन बाहेर आले. मला तिथे बघून थबकले. मग त्यांनी माझ्या हातात किल्ली दिली.

"किती दिवस झाले तुला कळून?"

"धौला कुआँपासून."

"विनयला सांगितलंस?"

"नाही."

ते पलीकडून फिरून डाव्या बाजूला जाऊन बसले. दार ओढून घेतलं. "रस्ता दिसतो अजून मला," ते समोर पाहत म्हणाले. "पण मधला तुकडा जातो. माणूस जवळ आला की चेहराच नसतो त्याला." आणि मग जरा सावरून, "चल. ऊन व्हायच्या आत करनाल रोडला लागू."

मी आयुष्यात एवढं लांब कधी चालवलं नव्हतं. पण अण्णांचा आवाज शेजारी स्थिर होता. मला तबकडी दिसायची, त्यांना इंजिन ऐकू यायचं. "आवाज जड झाला, गिअर उतरव. दमवू नकोस तिला." "ट्रकच्या मागे चिकटू नकोस, त्याच्या धुराचा गरम वारा खाते ती." सोनीपत मागे पडलं, दोन्ही बाजूंना कापणी झालेली रिकामी शेतं झळांमागे थरथरताना दिसत होती, आणि काटा मध्यावर बसला होता तो हलला नाही.

काला अंबला, मराठ्यांच्या पानिपतच्या लढाईच्या स्मारकापाशी, आम्ही भर दुपारी पोचलो. जानेवारीत तिथे मराठी माणसांची गर्दी असते; जूनमध्ये फक्त एक माळी होता आणि झाडांखाली झोपलेली कुत्री. अण्णा त्या दगडी स्तंभापाशी गेले आणि त्यावरची अक्षरं बोटांनी चाचपत राहिले. इथे लढून पडलेली ही माणसं इतक्या लांब आली कशी, असं मला वाटत होतं; तेवढ्या लांबून तर मीही आले होते, पण आगगाडीने, झोपून. आम्ही सावलीत बसून पोळ्या खाल्ल्या.

"विनयला सांगू नकोस," अण्णा म्हणाले. "तो लहान मुलासारखं वागवेल मला. हात धरून रस्ता ओलांडवेल."

मी थोडा विचार केला. "मी आपणहून सांगणार नाही, अण्णा. पण त्याने विचारलं तर खोटं सांगणं मला जमणार नाही."

डबा बंद करून त्यांनी माझ्या हातात दिला. त्यांना राग आला असावा, असं मला परतीच्या वाटेवर बराच वेळ वाटत होतं.

मुरथलच्या ढाब्यांपाशी रस्ता तुंबला. एक ट्रॉली उलटली होती. गाड्या गोगलगायीसारख्या सरकत होत्या आणि माझ्या डोळ्यांदेखत काटा मध्यावरून निघाला. मी सांगत गेले. अर्ध्याच्या पुढे. आणखी पुढे. लाल पट्टीच्या जवळ.

"हीटर लाव," अण्णा म्हणाले.

डोंगरातल्या थंडीसाठी त्यांनी कधीकाळी बसवून घेतलेला हीटर होता तो. जूनच्या दुपारी, लू चाललेली असताना, मी हीटर पूर्ण सोडला. इंजिनाची आग आमच्या पायांवर येऊन पडू लागली. चपलांतले तळवे चटकू लागले, ओठ फुटले, पाणी प्यावं तर ते गरम. "तिची उष्णता आपण घेतो थोडी," अण्णा म्हणाले, "मग तिला सोसतं." मी तबकडीवरून नजर काढली नाही. काटा लाल पट्टीच्या कडेशी थांबला, थोडा वेळ तसाच राहिला, आणि मग हळूहळू मागे येऊ लागला. मी सांगितलं तेव्हा अण्णांनी डोळे मिटून घेतले आणि ते हसले. घामाने दोघंही निथळत होतो. साताऱ्याचा घाम मला दिल्लीत पहिल्यांदा त्या दिवशी भेटला.

त्यानंतर ती जीप आमच्याकडे खूप वर्षं होती. माझी दोन्ही मुलं तिच्यातून शाळेत गेली. अण्णा गेले तेव्हाही ती कडुनिंबाखाली होती. मग दिल्लीत जुन्या गाड्या चालवायला बंदी आली, आणि हिमाचलातला एक सफरचंदवाला कागदपत्रं करून तिला घेऊन गेला. सरोजिनी नगरातली आमची क्वार्टरंही आता राहिली नाहीत. तिथे उंच इमारती उभ्या राहताहेत. परवा मेट्रोने तिकडे गेले होते तर मला आमचा रस्ताच सापडला नाही. माझी मुलं बहाव्याला अमलतासच म्हणतात आणि मीही आता दुरुस्त करत नाही. पण उन्हाळा आला की मला ना पानिपत आधी आठवतं, ना मुरथल. विनय परत आला ती सकाळ आठवते.

त्याची गाडी नवी दिल्ली स्टेशनला यायची होती. आम्ही पहाडगंजच्या बाजूला गेलो. सायकल रिक्षा, हमाल, हॉटेलांचे दलाल, मधोमध बसलेली गाय. मी स्टेअरिंगवर होते, अण्णा डावीकडे. पानिपतचं विनयला फोनवर कळलं होतं. जीप उकळली नाही, इतकंच. गर्दीतून तो बॅग सांभाळत आला, आम्हाला बघून त्याने हात वर केला, आणि जवळ येता येता त्याची पावलं मंदावली. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे.

"अण्णा, तुम्ही नाही चालवत?"

मला वाटलं, तो मला विचारेल, आणि मला खरं बोलावं लागेल. पण त्याने मला विचारलं नव्हतं. अण्णांनी आवाजाच्या दिशेने चेहरा वळवला.

"मला दिसत नाही रे आता," ते म्हणाले. "हिला दिसतं. बस मागे."

विनय बॅग मागे टाकून आत चढला. मग मागून त्याचा हात पुढे आला आणि अण्णांच्या खांद्यावर टेकला. अण्णांनी तो झटकला नाही. समोरची रिक्षा हलली तेव्हा मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.